दोन ते आठ

बर्क्याच्या अलीकडे, खजुरांच्या रांगा संपतात तिथं
आमचा गोठा. तीनशे अकरा होल्स्टिन,
फवाऱ्याखाली उभ्या राहून
कधी न पाहिलेल्या कुरणाचा रवंथ करणाऱ्या.

फ्रीजची किल्ली माझ्याकडे.
पगारपत्रकात मी स्टोअरकीपर,
गोठ्यावर मला ‘थल्लाजा’ म्हणतात.
अरबीत फ्रीज.
नावाला जागतो मी.

मधल्या कप्प्यात लम्पीची लस.
कुपीच्या तळाशी वाळकी चकती,
भांड्याला चिकटून राहिलेल्या सायीएवढी.
आत विषाणू, दुबळे केलेले, पण जिवंत.
त्यांना ऊन चालत नाही,
स्पिरिटचा बोळा चालत नाही,
एकदा द्रावणात उतरले
की दोन तासांत गाय गाठावी लागते.
द्रावण मात्र बर्फाला टेकवायचं नाही,
बाटली तडकते.

दारातल्या खणात इद्रीसचं इन्सुलिन.
नियमात बसत नाही. औषधाशेजारी दुसरं काही नको,
असं मीच मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलंय.
रात्री राखण करणारा माणूस,
मूळचा कसलाचा, खोलीवर फ्रीज नाही.
मी तो कागद
खणाच्या बाजूनं थोडा दुमडून ठेवलाय.

ऑगस्टात एका रात्री कॉम्प्रेसर गप्प झाला.
मी आवाजानं नाही, आवाज थांबल्यानं जागा झालो.
अडीच वाजले होते, हवा ओल्या घोंगडीसारखी.
इद्रीस माझ्या आधी पोचला होता,
लसीचा डबा तान्ह्यासारखा छातीशी धरून
लबनच्या शीतखोलीकडे निघालाही होता.
त्याचं इन्सुलिन मी खिशात टाकलं.
चार पावलांवर ध्यानात आलं,
खिसा म्हणजे सदतीस अंश.
मग ओल्या फडक्यात, तळहातावर,
दिवा विझू नये तसं नेलं.

खालच्या कप्प्यातला एक खोका राहून गेला.
सहा कुप्या. पन्नास-पन्नास डोस.
उजाडता उजाडता काटा सव्वीसवर.

डॉक्टर वजदींनी एक कुपी उजेडाकडे धरली.
तीच साय, तोच पांढरा रंग.
मेलेली लस कुजत नाही, वास मारत नाही,
माशी बसत नाही तिच्यावर.
मॅनेजर म्हणाला, दिसतेय तर चांगली.
चालेल?

जतच्या बाजूला मी चौदा वर्षं हेच काम केलं.
सायकलच्या कॅरियरला थर्मास,
आत गारेगारवाल्याकडून आणलेला बर्फ,
दुपारी बारानंतर त्याचं नुसतं पाणी.
दवाखान्यातला थर्मामीटर फुटून दोन वर्षं झालेली.
रजिस्टरात मी रोज लिहायचो : चार. चार. चार.
सुबक आकडा, वळणदार.
वाळेखिंडीच्या बाजूला एका वस्तीवर
टोचून घेतलेल्या अकरा जनावरांना घटसर्प झाला
आणि बाई म्हणाली, तुमचं औषध चांगलंच होतं हो,
आमचंच नशीब.
मी मान हलवली.
त्या घरचा चहाही प्यालो.

नाही चालणार, म्हणालो मी.
अरबी कमी पडली, म्हणून दोन्ही हातांनीही म्हणालो.

सहाही कुप्या ब्लीचच्या बादलीत गेल्या.
माझ्या पगारातून किती कापतात ते महिनाअखेर कळेल.
इद्रीसनं त्याचं इन्सुलिन टोचून घेतलं,
आणि मी दिवसभर काही ना काही निमित्तानं
त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो.
त्यानं विचारलं, मी गाय आहे का?

संध्याकाळी सावल्या कलंडल्यावर
वाचलेल्या डब्यातून सुरुवात केली.
पहिली, बिल्ला दोनशे सात, लाथा मारणारी.
कातडी चिमटीत धरून सुई आत सारली.
तिनं शेपटीनं माझा चष्मा पाडला.

मग वहीत लिहिलं :
सकाळी सहा, पाच पॉइंट आठ.
संध्याकाळी सहा, सहा पॉइंट तीन.
जसं होतं तसं.
तीन जरा वेडावाकडा आला,
हात ओला होता.